दोन फुटी प्लांटेड टँकमध्ये मासे किती ठेवायचे? 'एका गॅलनला एक इंच' हा नियम कुठे फसतो?

नवा फिश टँक घरी येतो. वाळू, दगड, चार-पाच हिरवी झाडं लावून होतात. लाइट लागतो, फोटो निघतात, स्टोरी टाकली जाते. मग माशांच्या दुकानात गेल्यावर प्रश्न येतो, 'किती देऊ?' चार गप्पी, चार मॉली, एक जोडी एंजल, दोन गोल्डफिश आणि 'काच साफ करायला' एक सकर, असं करत करत पिशवीत बारा-पंधरा मासे येतात.

पहिले दोन-तीन दिवस सगळं छान असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी एक मासा तरंगताना दिसतो. आठवडाभरात निम्मे मासे गेलेले असतात. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसत असतं. मग चुकलं काय?

बहुतेक वेळा दोनच गोष्टी चुकलेल्या असतात. मासे टँकच्या मानानं जास्त आणले आणि ते सगळे एकाच दिवशी आणले. त्यामुळे 'किती मासे ठेवायचे' हा प्रश्न सजावटीचा नाही, त्या माशांच्या जगण्या-मरण्याचा आहे. त्याचं उत्तर कसं काढायचं, ते पाहू.

थोडक्यात उत्तर

- २४ × १२ × १२ इंचांच्या, भरपूर झाडं आणि चालू फिल्टर असलेल्या टँकमध्ये १० लहान टेट्रा आणि तळाला राहणारे ५-६ पिग्मी कोरी, एवढे मासे पुरेसे.
- १ फुटी टँकमध्ये एकटा फायटर.
- गोल्डफिश, एंजल, ऑस्कर आणि सकर छोट्या टँकमध्ये एकही नको.
- पहिल्या दिवशी शून्य मासे. आधी टँक तयार होऊ द्यायचा.

टँकमध्ये खरं पाणी किती मावतं?

आपल्याकडे टँक फुटांवर विकले जातात. लिटर काढायचे असतील तर लांबी, रुंदी आणि उंचीचा इंचांत गुणाकार करा आणि त्याला ०.०१६४ नं गुणा. दोन फुटी टँकचा हिशेब असा होतो: २४ × १२ × १२ = ३४५६ घन इंच, म्हणजे सुमारे ५७ लिटर.

पण हे कागदावरचं पाणी झालं. प्लांटेड टँकमध्ये तळाला दोन इंच माती-वाळू असते. वरती दीड इंच जागा मोकळी सोडावी लागते. उरली साडेआठ इंच उंची. २४ × १२ × ८.५ म्हणजे सुमारे ४० लिटर. त्यातही दगड आणि लाकूड आपली जागा घेतातच. 'साठ लिटरचा टँक' म्हणून घेतलेल्या काचेच्या पेटीत माशांच्या वाट्याला येणारं पाणी चाळीस लिटरच्या आत असतं. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर करायचा, दुकानातल्या आकड्यावर नाही.

आकारही बघा. तेवढंच पाणी मावणारा १२ × १२ इंच तळाचा आणि २४ इंच उंच टँक दिसायला देखणा असतो. पण हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरतो तो वरच्या पृष्ठभागातून, आणि उभ्या टँकचा पृष्ठभाग आडव्या टँकच्या निम्मा असतो. शिवाय बहुतेक लहान मासे आडवे पोहतात. छोटा टँक घ्यायचाच असेल तर आडवा घ्या.

'एका गॅलनला एक इंच' हा नियम काय आहे?

इंटरनेटवर सगळ्यात जास्त दिसणारा नियम हाच. एक अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर. तेवढ्या पाण्यामागे एक इंच लांबीचा मासा. आपल्या ४० लिटरमध्ये साडेदहा गॅलन पाणी आहे, म्हणजे एकूण दहा इंच मासे. दीड इंचाचे निऑन टेट्रा असतील तर सहा-सात.

लहान आणि सडपातळ माशांसाठी हा नियम सुरुवातीचा अंदाज म्हणून चालतो. पुढे तो तीन ठिकाणी फसतो.

पहिली गोष्ट, मासा फक्त लांबीनं वाढत नाही. तो रुंद आणि जाडही होतो. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. एक-एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा नियमाच्या दृष्टीनं सारखेच. पण त्या एका माशाचं वजन दहा लहान माशांच्या एकूण वजनाच्या जवळपास शंभरपट असू शकतं. खाणं, घाण आणि ऑक्सिजनची गरज वजनाबरोबर वाढते.

दुसरी गोष्ट, दुकानातला मासा बहुतेक वेळा पिल्लू असतो. दोन इंचांचा गोल्डफिश नीट वाढला तर सहा ते आठ इंच होतो. हिशेब नेहमी पूर्ण वाढलेल्या माशाचा करायचा.

तिसरी गोष्ट, हा नियम माशाच्या स्वभावाबद्दल काहीच सांगत नाही. त्याकडे पुढे येऊ.

माशांची घाण जाते कुठे?

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. अमोनियाला रंग नसतो. म्हणूनच स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासे मरतात.

तयार झालेल्या टँकमध्ये हा अमोनिया जिवाणू हाताळतात. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, दगडांवर त्यांची वस्ती असते. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग नायट्रोस्पायरासारखे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं बरंच सौम्य असतं. ते झाडं शोषतात, किंवा आपण पाणी बदलून बाहेर काढतो.

ही वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टँकमध्ये ती नसतेच. त्यामुळे पंधरा मासे एकदम सोडले की अमोनिया साठत जातो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचा परिणाम दिसतो.

तुमचं पाणी कोणतं आहे, यावरही धोका कमी-जास्त होतो. अमोनियाचा जो भाग जास्त घातक असतो, त्याचं प्रमाण २५ अंश तापमानाला आणि ७ पीएचला एकूण अमोनियाच्या सुमारे ०.६ टक्के असतं. पीएच ८ झाला की तेच ५.४ टक्क्यांवर जातं, म्हणजे जवळपास नऊपट. बोअरवेलचं जड, अल्कधर्मी पाणी वापरत असाल तर चुकीला जागा आणखी कमी.

झाडं असली की जास्त मासे चालतात का?

हो, पण किती जास्त, ते झाडांवर ठरतं.

या प्रश्नाचा इतिहासही गमतीशीर आहे. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सुमारे १२ गॅलनच्या काचेच्या भांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरलं. ते इंग्लंडमधले मोठे गॅलन, म्हणजे पाणी झालं २७ लिटर. त्यात व्हॅलिसनेरिया लावलं. लांब पट्ट्यांसारख्या पानांचं हे झाड आजही दुकानात मिळतं. काही दिवसांनी कुजकी पानं आणि शेवाळ्यानं पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी पाच-सहा गोगलगायी सोडल्या. मग पाणी निवळलं. हा प्रयोग त्यांनी १८५० मध्ये मांडला आणि 'संतुलित मत्स्यालय' ही कल्पना तिथून लोकप्रिय झाली. त्या भांड्यात मासे किती होते? लहानसे गोल्डफिश, फक्त दोन. पुढे गोल्डफिश किती वाढतात हे पाहता आज कुणी तेवढ्या पाण्यात दोनही सुचवणार नाही.

वॉरिंग्टन यांना जिवाणूंची भूमिका माहीत असणं तेव्हा शक्यच नव्हतं. पुढे त्यांच्याच मुलानं, तोही रॉबर्ट वॉरिंग्टनच, इंग्लंडच्या रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात मातीतला अमोनिया दोन टप्प्यांत नायट्रेट कसा होतो, यावर काम केलं. वडिलांच्या काचेच्या भांड्यात जे घडत होतं, त्याचं अर्धं उत्तर मुलाच्या मातीत सापडलं.

झाडांकडे परत येऊ. पाणवनस्पती अमोनिया थेट शोषतात, त्यामुळे त्या फिल्टरच्या जोडीला दुसऱ्या फिल्टरसारखं काम करतात. पण वेगानं वाढणारी झाडं जास्त शोषतात आणि हळू वाढणारी कमी. हॉर्नवर्ट, व्हॅलिसनेरिया, वॉटर विस्टेरिया आणि पाण्यावर तरंगणारी झाडं पहिल्या गटात. अनुबियास आणि जावा फर्न दुसऱ्या गटात. एका लाकडाला दोन अनुबियास बांधून टँक 'प्लांटेड' दिसतो, पण माशांच्या हिशेबात त्यानं फारसा फरक पडत नाही. वरून बघताना निम्म्याहून जास्त तळ झाडांनी झाकलेला असेल आणि दर आठवड्याला कात्री चालवावी लागत असेल, तरच झाडांची मदत धरा. आणि कुजकी पानं लगेच काढा. कुजणारं पान अमोनिया शोषत नाही, वाढवतं.

टँकची खरी परीक्षा पहाटे होते

दिवसा लाइट असताना झाडं ऑक्सिजन देतात. रात्री तीच झाडं माशांसारखाच ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे प्लांटेड टँकमध्ये ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो सकाळी लाइट लागण्याच्या आधी. संध्याकाळी मासे मजेत दिसतात म्हणून अजून चार चालतील, असं वाटतं. ते ठरवायचं असेल तर पहाटे उठून टँक बघा.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावला असेल तर रात्री तो बंद ठेवा. जास्त गॅसनंही मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात.

त्यात आपला उन्हाळा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम. नेमकी याच वेळी माशांची गरज वाढते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पंख्याच्या खोलीतही टँकचं पाणी ३० अंशांच्या वर सहज जातं. निऑन टेट्राला साधारण २१ ते २६ अंश मानवतात. तिथे निऑनच्या मागे लागण्यापेक्षा गप्पी किंवा फायटर बरे.

लाइट गेली की फिल्टर बंद पडतो आणि पाणी फिरायचं थांबतं. मासे कमी असतील तर टँक काही तास सहज काढतो. गच्च भरलेला असेल तर नाही. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात ठेवा. तो नसेल तर तांब्यानं पाणी काढून थोड्या उंचीवरून परत ओता. त्या दिवशी खाणं देऊ नका.

थोडक्यात, माशांची संख्या टँकच्या चांगल्या दिवसावर ठरवायची नसते. मे महिन्यातल्या पहाटे, लाइट गेलेली असताना जितके मासे तग धरतील, तितकीच ती संख्या असते.

पाणी पुरतं, पण पटतं का?

टेट्रा आणि कोरी कळपातले मासे आहेत. सहापेक्षा कमी असले की ते बुजतात, कोपऱ्यात लपतात. म्हणून 'प्रत्येकी दोन-दोन' अशी मिसळ करू नका. पाच जातींचे दोन-दोन मासे ठेवण्यापेक्षा एका जातीचे दहा ठेवा. ते जास्त मोकळे वागतात आणि टँकही जास्त देखणा दिसतो.

फायटरचं उलटं. थायलंडनं २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. मूळचा तो तिकडच्या भाताच्या खाचरांतला आणि उथळ पाण्यातला. दोन नर एकत्र ठेवले तर एक मरेपर्यंत भांडतील. तो थेट हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून दुकानात तो छोट्या बाटलीत ठेवलेला दिसतो. बाटलीत तो जिवंत राहतो, पण बाटली म्हणजे त्याचं घर नव्हे. अमोनिया बाटलीतही साठतोच.

गप्पींचा हिशेब वेगळाच. मादी साधारण दर महिन्याला पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस किंवा जास्तही. नराशी एकदा संबंध आला की ती कित्येक महिने त्यावर पिल्लं देऊ शकते. म्हणजे दुकानातून एकटी मादी आणली तरी घरी पिल्लं होऊ शकतात. छोट्या टँकसाठी फक्त नर घ्या. रंग आणि मोठी शेपटी त्यांचीच असते.

कोणत्या टँकमध्ये किती?

खालचे आकडे फिल्टर चालू, झाडं भरपूर, टँक मुरलेला आणि दर आठवड्याला पाणी बदललं जातं, असं धरून आहेत. झाडं कमी असतील तर एक तृतीयांश मासे कमी करा.

१ फूट (१२ × १२ × १२ इंच, खरं पाणी सुमारे २० लिटर)
- एक फायटर, किंवा
- मासे नकोत, ८-१० रेड चेरी कोळंबी

दीड फूट (१८ × १२ × १२ इंच, सुमारे ३० लिटर)
- ८ एम्बर टेट्रा, किंवा
- ५ नर गप्पी

२ फूट (२४ × १२ × १२ इंच, सुमारे ४० लिटर)
- १० निऑन किंवा एम्बर टेट्रा आणि ५-६ पिग्मी कोरी, किंवा
- १ हनी गुरामी आणि ८ एम्बर टेट्रा, किंवा
- ७-८ नर गप्पी

यांपैकी एकच पर्याय निवडायचा. तिन्हींची बेरीज करायची नाही.

हे मासे छोट्या टँकसाठी नकोत

गोल्डफिश: खूप खातो, खूप घाण करतो, झाडंही उपटतो आणि खातो.

एंजल: उंचीला मोठा होतो. पूर्ण वाढला की निऑनसारखे छोटे मासे गिळतो.

सकर: 'टँक साफ करतो' म्हणून गळ्यात मारला जातो. पूर्ण वाढल्यावर एक फुटाहून मोठा होतो. शेवाळं खातो, पण त्याहून जास्त घाण स्वतःच करतो.

डेनिसन बार्ब: आपल्याच पश्चिम घाटातला, केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला देखणा मासा. त्याच्या शास्त्रीय नावात आता 'सह्याद्रिया' आहे, सह्याद्रीवरून दिलेलं. पण तो पाच-सहा इंच होतो आणि कळपानं वेगात पोहतो. दोन फूट त्याला फारच अपुरे.

मासे आणायचे कसे? टप्प्याटप्प्यानं

१. झाडं लावा, फिल्टर चोवीस तास चालू ठेवा. मासे नसताना रोज चिमूटभर खाणं टाका, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळेल.

२. चार ते सहा आठवडे थांबा. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसत असेल तर टँक तयार आहे. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला फिल्टरचा स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

३. ठरवलेल्या संख्येच्या एक तृतीयांश मासे आधी आणा. दोन आठवडे बघा. मग पुढचे.

४. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या. आठवड्यातून एक दिवस उपास चालतो. एकादशीला असो वा रविवारी, निरोगी माशांना त्यानं काही होत नाही.

५. दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यासाठी डीक्लोरिनेटर वापरा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा. नाहीतर क्लोरीननं जिवाणूच मरतील आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येईल.

मासे जास्त झालेत, हे कसं ओळखायचं?

- सकाळी लाइट लागण्याआधी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. फायटर आणि गुरामी मात्र हवा घ्यायला वर येतातच, ते नैसर्गिक आहे.
- पाणी बदलूनही आठवड्यात नायट्रेट ४० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर जातं.
- अमोनिया किंवा नायट्राइट शून्यावर टिकत नाही.
- झाडांच्या पानांवर आणि काचेवर शेवाळं वाढतच जातं.
- पाठलाग, फाटलेले पंख, कोपऱ्यात दबून बसलेले मासे.

यांपैकी काही दिसलं तर आधी निम्मं पाणी बदला, खाणं कमी करा आणि मग मासे कमी करा. औषधांच्या बाटल्या ही पहिली पायरी नाही.

जास्तीचे मासे तलावात सोडू नका

'निदान जगेल तरी' म्हणून अनेक जण नको झालेला मासा तलावात, नदीत किंवा विहिरीत सोडतात. सकर मासा असाच भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत पोहोचला. अंगावर हाडांचं कवच असल्यानं तो सहज कुणाचं भक्ष्य होत नाही, स्थानिक माशांचं खाणं आणि जागा बळकावतो आणि मच्छीमारांची जाळीही फाडतो. गप्पी मासे महापालिका डासांच्या बंदोबस्तासाठी सोडतात, म्हणून आपणही कुठेही सोडावेत असं नाही. जास्तीचे मासे दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कुणाला तरी द्या.

शेवटी

पुढच्या वेळी दुकानात 'किती देऊ?' असं विचारलं, तर हे चार आकडे तुमच्याकडे तयार असू द्या: टँकमधलं खरं पाणी, माशाची पूर्ण वाढ, त्या जातीला लागणारी सोबत आणि टँक सुरू होऊन झालेले आठवडे. यातला एकही आकडा माहीत नसेल, तर त्या दिवशी फक्त एक झाड घेऊन या.